पदरचे वाक्य

त्या पत्राला मी उत्तर लिहिले नाही, असे म्हटले तर ते तितकेसे खरे होणार नाही. उत्तरे मी पुष्कळ लिहिली. पोस्टात एकही टाकले नाही. नऊ वर्षे ते पत्र माझ्या टेबलाच्या वरच्या खणात, जुन्या चष्म्यांच्या घरांखाली होते. दर एकदोन महिन्यांनी मी ते काढून वाचत असे आणि पुन्हा त्याच घड्यांवर मिटून ठेवत असे. आता त्या घड्या इतक्या झिजल्या आहेत की उघडताना चार तुकडेच हातात येतील अशी भीती वाटते.

पत्र लहान आहे. पाठ आहे, म्हणून इथे जसेच्या तसे देतो.

"तुम्हाला आठवत असेल किंवा नसेल. त्या संध्याकाळच्या प्रार्थनासभेत मी अन्य भाषेत बोलले आणि तुम्ही उठून त्याचा अर्थ सांगितलात. तो अर्थ तुम्हाला खरोखर दिला गेला होता, की तुम्ही तुमच्या मनाने सांगितलात? रागाने विचारत नाही. आईजवळ राहिले याचंही दुःख नाही, तिचं शेवटपर्यंत सगळं नीट झालं. पण त्या दिवसापासून मी त्या भाषेत एकदाही बोलले नाही. देवाने मला नाही म्हटलं, म्हणून मी त्याच्याशी अबोला धरला. चारचौघांत करायच्या तेवढ्या प्रार्थना करते. आता या वयात तो अबोला जड होतो. उत्तर त्याचं असेल तर मी ते मान्य करीन. तुमचं असेल तर मी इतकी वर्षं भलत्यावरच रुसून बसले. तेवढं कळवा."

खाली सही आणि पत्ता. दुसऱ्या गावात, धाकट्या बहिणीकडे ती राहायला गेली होती.

मी जन्मभर मुद्रितशोधक होतो. छापखान्यात येणारा मजकूर वाचायचा आणि छापण्याआधी त्यातल्या चुका दाखवायच्या, एवढेच काम. त्या पत्रात मला दुरुस्त करण्यासारखे काही सापडले नाही.

पहिल्या दिवशी आमच्या मुख्य शोधकांनी मला खिडकीजवळचे टेबल दिले, लाल पेन्सिल दिली आणि म्हणाले, "लेखक चुकलाय असं वाटलं तर समासात प्रश्नचिन्ह घाल. आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही. मजकूर आपला नव्हे." हा नियम मी अडतीस वर्षे पाळला. एका कादंबरीत चौथ्या प्रकरणात मेलेला काका नवव्या प्रकरणात चहा पीत बसला होता. मी समासात फक्त प्रश्नचिन्ह घातले. लेखकाने खाली लिहून पाठवले, "राहू द्या." काका राहिला.

छापखान्यात माझे नावच प्रश्नचिन्ह पडले होते. ते पाडले आमच्या जुळाऱ्याने. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे जुळवून ओळी लावणारा. त्याला आम्ही आरसा म्हणत असू, कारण उलटे खिळे वाचायची त्याला इतकी सवय झाली होती की सुलटे छापलेले वाचताना तो अडखळायचा. मी जिना चढून आलो की तो ओरडायचा, "आलं बघा प्रश्नचिन्ह! पाठीचा कणाही तसाच वळलाय. कधीतरी पूर्णविराम दे की बाबा कशाला!" सगळे हसायचे. मीही हसायचो. त्याच्याइतके माझ्याशी दुसरे कोणी बोलत नसे.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान होती. लाकडी सामानाच्या दुकानावरच्या माडीवर उपासना व्हायची. चाळीसेक खुर्च्या, एक बाजाची पेटी आणि खालून येणारा रोगणाचा वास. प्रार्थना चालू असताना मधूनच कोणी अन्य भाषेत बोलू लागे. ज्यांनी हे कधी ऐकले नाही त्यांना सांगायला हवे. बोलणाऱ्याने ती भाषा शिकलेली नसते, ऐकणाऱ्यालाही ती येत नसते. पवित्र आत्मा देतो ते हे दान, असे आम्ही मानतो. तो माणूस माणसांशी नाही, देवाशी बोलत असतो. आणि असे चारचौघांत झाले तर कोणीतरी त्याचा अर्थ सांगावा, अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मनातल्या मनात बोलावे, असा प्रेषिताने घालून दिलेला नियम आहे.

आमचे पाळक पूर्वी शाळेत गणित शिकवत असत. कोणी अन्य भाषेत बोलले की ते डोळे मिटून उभे राहत आणि सावकाश शंभर आकडे होतील इतका वेळ थांबत. कोणी अर्थ सांगितला तर ठीक. नाहीतर डोळे उघडून म्हणत, "देवाला कळलं. पुढे चला." त्यांच्या त्या शंभर आकड्यांची मला फार भीती वाटे. त्या शांततेत सगळे एकमेकांकडे न बघता एकमेकांची वाट बघत असत.

मला स्वतःला ते दान कधी मिळाले नाही. त्याविषयी पुस्तके मात्र माझ्याकडे दीड फळी भरून होती. हे दान प्रेषितांबरोबरच संपले असे सांगणारी, ज्याला हे नाही त्याला आत्माच नाही असे सांगणारी, आणि दोन्हींच्या मधली. मी सगळी वाचली, समासात प्रश्नचिन्हे घातली. एकदा धीर करून खोलीचे दार लावून गुडघे टेकले आणि तोंड उघडून वाट पाहिली. बराच वेळ काही झाले नाही. मग मी स्वतःहून दोनचार आवाज काढून पाहिले. शेजारीणबाईंनी भिंतीवर थापटून विचारले, "बरं आहे ना? डॉक्टरांना बोलावू का?" त्यानंतर मी तो प्रयत्न केला नाही.

पत्र लिहिणारी ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. डोळे तपासायची, भिंगे घासून चौकटीत बसवायची. अंधाऱ्या आतल्या खोलीत उंच खुर्चीवर बसवून ती डोळ्यांपुढे भिंगे बदलत विचारायची, "आता बरं, की आधीचं बरं?" मी नेहमी म्हणायचो, "नक्की सांगता येत नाही." "तुम्हाला कधीच नक्की सांगता येत नाही," ती म्हणायची. "छापखान्यात कसं चालतं हो तुमचं?" त्या वर्षी नंबर बदलला नसताना मी तीनदा डोळे तपासून घेतले. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो, ती छत्तीसची.

तिसऱ्या खेपेला भिंगे बदलता बदलता ती म्हणाली, "मला बोलावणं आलंय. डोळ्यांचं मोठं इस्पितळ आहे, दोन वर्षांचं शिक्षण देणार, मग तिथेच काम. लांब आहे. बहीण म्हणते जा, आईला मी बघते. आई काही म्हणत नाही, नुसती बघते. काय करावं?"

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला नाहीच विचारलं," ती हसून म्हणाली. "देवाला विचारणार आहे."

त्याच आठवड्यातल्या प्रार्थनासभेत तिने विचारले. ती उठून उभी राहिली, आणि तिच्या तोंडून ती भाषा येऊ लागली. मी यापूर्वी अनेकांची ऐकली होती. काहींची घाईची असे, काहींची नुसती मोठी. तिची तशी नव्हती. लहान मूल आईला दिवसभराचे सगळे सांगते तसे ते बोलणे होते. मध्येच एक शब्द तीनचार वेळा आला, प्रत्येक वेळी जरा हळू. मग ती थांबली आणि खुर्चीची पाठ धरून तशीच उभी राहिली. पाळकांनी डोळे मिटले.

मी आकडे मोजत होतो. नव्वदाच्या पुढे गेलो होतो. आता पाळक म्हणतील "देवाला कळलं", आणि ती जाईल, असे मला वाटले. आणि मी उभा होतो. कसा उठलो ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या तोंडून आले, "मी तुझं ऐकलं आहे." हे वाक्य मला ठाऊक होण्याआधीच बोलून झाले होते. मग मी श्वास घेतला. तो श्वास मला नीट आठवतो. आणि मग म्हणालो, "तू आहेस तिथेच राहा."

सगळ्यांनी आमेन म्हटले. पाळकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले आणि काहीतरी बोलायला तोंड उघडले, पण मंडळी एव्हाना गाऊ लागली होती.

सभा संपल्यावर जिन्यात तिने मला गाठले. डोळे लाल होते. "तुम्ही कधी बोलत नाही," ती म्हणाली, "म्हणूनच मी मानलं. दुसरं कुणी उठलं असतं तर घरी जाऊन विचार केला असता." मी तेव्हाच बोलायला हवे होते. जिना अरुंद होता, मागून लोक येत होते, मी बाजूला सरून त्यांना वाट दिली.

ती राहिली. आईजवळ एकोणीस वर्षे राहिली. आणि मी, ज्याच्यासाठी ती गावात राहायला हवी होती, त्या मी पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकले नाही. तिच्यासमोर त्या खुर्चीत बसून डोळे उघडे ठेवण्याची हिंमत माझ्यात नव्हती. नंबर वाढला तेव्हा दोन बस बदलून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. उपासनेत ती तिसऱ्या ओळीत बसायची, मी शेवटच्या. एकदा तिने दारात विचारले, "हल्ली डोळे फार चांगले दिसतात तुमचे?" मी म्हणालो, "नाही, म्हणजे हो." एवढेच आमचे बोलणे झाले. मग आई गेली, ती बहिणीकडे गेली, आणि महिन्याभरात पत्र आले.

उत्तराचा पहिला खर्डा मी त्याच दिवशी केला. "प्रिय" लिहिले आणि खोडले. "आदरणीय" लिहिले, तेही खोडले. "प्रभूमध्ये भगिनी" हे मंडळीत रूढ आहे, पण ती मला कधी बहीण वाटली नव्हती आणि या पत्रात तरी खोटे नको असे वाटले. मायन्यावरच आठवडा गेला. पुढे कधी मी तो अर्थ दिला गेला होता असे लिहिले, कधी नव्हता असे. दोन्ही वाक्ये वाचताना लाल पेन्सिल हातात येई. तीन वर्षांनी असे वाटू लागले की आता इतक्या उशिरा लिहिणे बरे दिसणार नाही. मग त्या सबबीवर आणखी सहा वर्षे काढली. दर वर्षाच्या शेवटी तिचे शुभेच्छापत्र मंडळीला येते आणि पाळक ते वाचून दाखवतात. ती हयात आहे आणि पत्ता तोच आहे एवढे मला त्यावरून कळे. मी शेवटच्या ओळीत बसून ऐकत असे.

आता मी एकाहत्तर वर्षांचा आहे. बोलायला म्हणावे असा एक आरसाच उरला आहे, आणि गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणे गेले. म्हणजे आवाज आहे, चढउतार आहेत, राग आहे, विनोदसुद्धा आहे, पण शब्द नाहीत. "लाबा दो," म्हणतो. "लाबा, लाबा दो ने." दर गुरुवारी दुपारी मी त्याच्याकडे जातो आणि वर्तमानपत्र वाचून दाखवतो. छपाईची चूक आली की ती तशीच वाचतो, मग त्याचा अर्धा चेहरा हसतो.

गेल्या गुरुवारी वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाल्या, "भाऊजी, दहा मिनिटं बसाल ना? औषध घेऊन येते. काही मागितलं तर द्या."

त्या गेल्या आणि त्याने मागितले. "लाबा दो," म्हणाला आणि डावा हात खिडकीकडे केला. मी खिडकी लावली. "लाबा दो!" पुन्हा तोच हात. मला वाटले, गारठा लागतोय. कपाटातून चादर काढून मी ती त्याच्या गळ्यापर्यंत नीट पांघरली. त्याने ती एका हाताने ओढून जमिनीवर टाकली आणि रडू लागला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिले नव्हते. मी चादर उचलून पुन्हा घातली.

वहिनी आल्या. "काय झालं? काय म्हणत होते?"

"थंडी वाजते म्हणत होता."

"थंडी? या उकाड्यात? खिडकी कुणी लावली?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी स्वेटर घालून बसलो होतो. "अहो भाऊजी, थंडी तुम्हाला वाजतेय."

त्यांनी चादर काढली, खिडकी उघडली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "हं, सांगा." तो बोलला. "पाणी? नाही. रेडिओ? तोही नाही. धाकटीला फोन लावू? नाही म्हणे. परत सांगा, सावकाश. मला कुठे घाई आहे?" तो पुन्हा बोलला, लांबलचक, हात हलवत. वहिनींनी सगळे ऐकून घेतले. "नाही कळलं हो," त्या म्हणाल्या. "काही म्हणजे काही कळलं नाही." आणि त्याचा हात हातात घेऊन तशाच बसल्या. तो आणखी काही बोलला, आता हळू. त्याचा श्वास संथ झाला. मग त्याने माझ्याकडे बघून हवेत बोटाने एक वाकडा आकडा काढला आणि खाली टिंब दिले. प्रश्नचिन्ह. वहिनींना हसू आवरेना.

"पण हवं काय होतं त्याला?" मी विचारले.

"देव जाणे."

"पण तो शांत झाला."

"हो, होतात." त्यांनी पदराने त्याची हनुवटी पुसली. "सुरुवातीला मीपण तुमच्यासारखंच करायचे. लोक भेटायला यायचे, विचारायचे काय म्हणतात, आणि मी पटापट सांगायचे. झोप आली म्हणतात. म्हणजे मला झोप आलेली असायची. लेक दोन दिवस राहायला आली की सांगायचे, बाबा म्हणतात आणखी आठवडाभर राहा. ते बिचारे हात आपटायचे, मी म्हणायचे, बघ कसे हट्ट करताहेत तुझ्यासाठी! एकदा तिच्यादेखत त्यांनी कप फेकला माझ्या अंगावर. तेव्हा समजलं. त्यांच्या तोंडून मीच बोलत होते की हो."

"मग लेकीला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हटलं, राहा असं ते म्हणाले नव्हते, मी म्हणत होते. चिडली थोडी. मग म्हणाली, तू म्हणाली असतीस तरी राहिले असते." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. "तुम्हाला काय झालं? चहा टाकू?"

"नको," मी म्हणालो. "मला एक पत्र लिहायचंय."

"आत्ता?"

आरसा हसला. "लाबा दो," म्हणाला, आणि डाव्या हाताने दार दाखवले. त्याचा अर्थ मी लावला नाही.

घरी येऊन मी लाल पेन्सिल खणात टाकली आणि शाईचे पेन घेतले. खर्डा केला नाही. मायना घातला नाही. जे लिहिले ते असे:

"तुमच्या पत्राचं उत्तर. नऊ वर्षं उशीर झाला, त्याला माझ्याकडे कारण नाही, भीती होती.

त्या संध्याकाळी मी दोन वाक्यं बोललो. पहिलं, 'मी तुझं ऐकलं आहे.' ते कुठून आलं मला ठाऊक नाही. ते मी जुळवलं नव्हतं. मला दान आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या समासात मी प्रश्नचिन्ह घालतो, पुढचं तुम्ही ठरवा. दुसरं, 'तू आहेस तिथेच राहा,' हे माझं. पूर्णपणे माझं. ते मी तुमच्या दुकानातून निघाल्यापासून मनात घेऊन फिरत होतो. तुम्ही जाऊ नये असं मला वाटत होतं. का, ते लिहीत नाही. डोळे तुम्ही तपासत होतात, तुम्हाला दिसलंच असेल.

पाळक तेव्हा 'देवाला कळलं' म्हणणार होते. मी थांबलो असतो तर तेवढंच झालं असतं आणि तेवढं पुरे होतं. तुमचं बोलणं माझ्याशी नव्हतंच. ज्याच्याशी होतं त्याने तुम्हाला नाही म्हटलेलं नाही. माझ्या तोंडून तरी नाही.

तेव्हा त्याच्याशी अबोला नको. माझ्याशी धरा. तो मला चालेल, सवय आहे.

मला त्या भाषेतलं काही कळलं नव्हतं. पण तुम्ही बोलत होतात तेव्हा माडीवर कुणी हललं नाही, आणि खाली दुकानातला रंधासुद्धा थांबला होता. एवढं मी ऐकलं. ते खरं आहे."

पुन्हा वाचले असते तर ते पत्रही खणात गेले असते. म्हणून न वाचताच घडी घातली, पाकीट चिकटवले आणि पोस्ट बंद व्हायच्या आत निघालो. वाटेत दुसऱ्या परिच्छेदातला "पूर्णपणे" हा शब्द नसता तर बरे झाले असते असे वाटून मी एका बंद दुकानापाशी थांबलो. पाकिटाची कड अजून ओली होती, नखाने सुटली असती. थोडा वेळ उभा राहिलो आणि मग चालू लागलो.

खिडकीमागच्या बाईंनी पाकीट तराजूवर ठेवले. "आजोबा, साधं पाठवायचं की रजिस्टर?"

"साधं."

"पोचपावती नको?"

"नको."

"मग तिकीट लावा आणि बाहेर पेटीत टाका. पाच वाजता उघडतील. पत्ता नीट लिहिलाय ना?"

"नीट लिहिलाय," मी म्हणालो. या एका गोष्टीविषयी मला शंका नव्हती.

बाहेर येऊन मी पाकीट पेटीच्या फटीत अर्धे सरकवले आणि जरा वेळ तसेच धरून ठेवले. एक मुलगी हातात दोन पाकिटे घेऊन माझ्यामागे येऊन थांबली. मी पाकीट सोडले. ते आत पडल्याचा आवाज आला. मग मी बाजूला सरून तिला वाट दिली.